‘बाहेरचं लागलंय’ म्हणण्याआधी : मानसिक आजार समजून घेऊ या

“तिला बाहेरचं काहीतरी लागलंय.” “जास्त अभ्यास केला, डोकं फिरलं त्याचं.” “लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल.” वस्त्यांमध्ये काम करताना मानसिक आजाराविषयी आम्हाला ही तीन वाक्ये सर्वाधिक ऐकायला मिळतात. पहिले वाक्य तर ज्या घरात बावीस प्रतिज्ञांची चौकट भिंतीवर आहे, तिथूनही येते. फक्त आवाज थोडा खाली केलेला असतो. आपल्या समाजाने देव्हारे काढले, नवस सोडले, मुलांना शिकवले. पण घरातले कोणी रात्र रात्र जागू लागले, एकटेच बोलू लागले की शिकलेले घरही गोंधळते आणि कोणाला कळू नये म्हणून गुपचूप भगताकडे जाऊन येते. म्हणून हा विषय तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवा.

दुःख वेगळे, आजार वेगळा

परीक्षेत अपयश आले, घरात मृत्यू झाला, नोकरी गेली तर वाईट वाटणारच. तो आजार नाही. हळूहळू माणूस जेवू लागतो, कामाला लागतो, मित्रांमध्ये हसतो. पण मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, आपण कोणाच्या कामाचे नाही असे वाटणे, हे सगळे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळपास रोज राहिले आणि त्यामुळे रोजची कामे अडू लागली, तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणजे डिप्रेशनचा आजार म्हणतात.

आजार एकच नाही. चिंतारोगात छाती धडधडते, श्वास अडकतो, हातपाय थंड पडतात. हार्ट अटॅक आला असे वाटून माणूस रात्री दवाखाना गाठतो आणि ईसीजी नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, नाटक करतो. ते नाटक नसते. बायपोलर आजारात काही आठवडे प्रचंड उत्साह, झोप नको, उधळपट्टी, मोठमोठ्या गोष्टी. मग तेवढीच खोल उदासी. स्किझोफ्रेनियात कोणी नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी पक्की खात्री वाटते. ‘बाहेरचं लागलंय’ असे लोक जिला म्हणतात, ती स्थिती बऱ्याचदा हीच असते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण चित्र समजायला ते पुरेसे आहे. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. म्हणजे हजार प्रौढांच्या वस्तीत शंभराच्या आसपास माणसे. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण ज्या दारांवर जातो, त्यांतलीच ही दारे.

हे होते कशामुळे?

कारण एकच नसते. शरीर, आयुष्य आणि समाज हे तिन्ही त्यात गुंतलेले असतात. मेंदूतील सेरोटोनिन, डोपामाइनसारख्या रसायनांच्या कामात बिघाड होतो. काही आजारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर हे प्रमाण दहात एकाच्या आसपास जाते. याचाच अर्थ दहातल्या नऊ जणांना तो होत नाही. ‘त्यांच्या खानदानात वेड आहे’ म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ ची कमतरता असली तरी नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. बाळंतपणानंतरही गंभीर नैराश्य येऊ शकते. दारू आणि गांजा तर आजाराला आमंत्रणच देतात. कमी वयात सुरू झालेल्या गांजाच्या सवयीने भास-संशयाच्या आजाराचा धोका वाढतो, हे वस्तीतल्या पोरांना कोणी सांगत नाही.

बहुतेक मानसिक आजार तरुणपणातच डोके वर काढतात. म्हणजे दहावी-बारावी, हॉस्टेल, स्पर्धा परीक्षा, पहिली नोकरी या काळात. आमच्या मते आपल्या समाजासाठी या वयाला एक जास्तीचा पदर आहे आणि समाजशास्त्र शिकलेल्यांनी तो सांगितलाच पाहिजे. पहिल्याच दिवशी ‘रँक किती?’ विचारून जात काढून घेणे, ‘कोट्यातून आला’ हे हसत हसत बोलणे, उच्चारांवर टोमणे. यातला एकेक प्रसंग छोटा वाटतो. पण रोज तेच घडू लागले की मन कायम सावध राहते, झोप उडते, बोलणे कमी होते. त्यात स्कॉलरशिप वेळेवर आलेली नसते, मेसवाला पैसे मागत असतो आणि घरी फोन केला की आई विचारते, “बाळा, नोकरी कधी लागेल?” पुण्याच्या पेठांमध्ये एका खोलीत तिघे-चौघे राहून एमपीएससीचा चौथा-पाचवा प्रयत्न करणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. दोन्ही वेळा आपण रस्त्यावर उतरलो आणि ते योग्यच होते. संस्थेतला भेदभाव गोळीने जात नाही. मात्र ‘हे सगळे व्यवस्थेचे बळी, डॉक्टर काय करणार?’ असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. तीन आठवडे धड न झोपलेल्या मुलाला आंदोलनही हवे असते आणि डॉक्टरही. अत्याचाराच्या प्रकरणांत वर्षानुवर्षे पोलीस ठाणे, कोर्ट आणि पीडितांची घरे असे हेलपाटे घालणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्या झोपेची चौकशी कोणी करत नाही.

रोजच्या जगण्यात काय बदलते?

मानसिक आजार आधी दिसतो तो साध्या गोष्टींत. आंघोळ टळते. फोन उचलला जात नाही. पुस्तक उघडे असते, पण तासभर पान उलटत नाही. रोजंदारीवर जाणारा माणूस आठवड्यातून चार दिवस, मग दोन दिवस जातो. मुकादम दुसरा माणूस घेतो. बाईची भाजी करपते, मुलांची शाळेची वेळ चुकते आणि तिला ‘आळशी’ म्हणून शिव्या बसतात. नैराश्यातल्या पुरुषाच्या डोळ्यांत पाणी दिसेलच असे नाही. तो चिडतो, भांडतो, पितो. संशयाच्या आजारात माणूस घरचे जेवण नाकारतो, कारण त्यात काही कालवले आहे अशी त्याची खात्री असते. इथे वाद घालून उपयोग होत नाही. ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे’ एवढे म्हणणे जास्त कामाचे.

पैशांचे गणितही कोलमडते. आधी बाबा-भगत, कोंबडी, दोरे, गाडीभाडे. मग खासगी दवाखाना. त्यासाठी बचत गटातून उचललेले कर्ज. तोवर वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात आणि आजार जेवढा जुना, तेवढा आवरायला अवघड. सांभाळणारी बहुतेक वेळा आई, बायको नाहीतर बहीण असते; तिचे काम सुटते, नातेवाईक यायचे थांबतात, तीही हळूहळू खचते. आणि ‘लग्न लावून द्या’ हा सल्ला अमलात आला की दुसऱ्या घरातली एक मुलगी काहीही माहीत नसताना या सगळ्यात ओढली जाते. लग्न हा कोणत्याही मानसिक आजाराचा उपचार नाही.

कायदा काय म्हणतो?

तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, पळू शकले नाहीत. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात झालेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्यातली आणखी एक तरतूद आपल्या कामाची आहे : माणसाची सामाजिक स्थिती किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी, श्रद्धांशी न जुळणारे वागणे, या आधारावर त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या मुलीला ‘वेडी’ म्हणून कोंडणाऱ्यांना हे दाखवता येते.

विपश्यना आणि गोळ्या

हा प्रश्न आम्हाला विहारांमध्ये हमखास विचारला जातो : विपश्यनेला पाठवू का? विपश्यनेचा आम्हाला आदर आहे. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी दहा दिवसांच्या शिबिराची शिफारस केली जात नाही, हे विपश्यना केंद्रे स्वतःच सांगतात. ज्याला आधीच आवाज ऐकू येतात, त्याला दहा दिवस मौनात बसवले तर त्रास वाढू शकतो. अर्जात आजार आणि चालू औषधे लपवू नका. शिबिरासाठी गोळ्या तर मुळीच बंद करू नका.

गोळ्यांबद्दलचा गैरसमजही मोठा आहे. ‘झोपेच्या गोळ्या देतात, सवय लागते.’ काही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस घ्यायच्या. पण नैराश्यावरच्या मुख्य औषधांची तशी नशा लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमके त्याच आठवड्यांत लोक ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात. बरे वाटल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते. थांबवायचे तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानेही फरक पडतो.

जायचे कुठे?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते, सुरुवात तिथून करा. गंभीर आजारासाठी ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दीर्घ आजार असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रही मिळू शकते, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. हे काम एखाद्या कार्यकर्त्याने सोबत जाऊन केले तर लवकर होते. एकट्या आईला तीन चकरांनंतर कंटाळा येतो.

मित्र ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला तर विषय बदलू नका. ‘मरण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही भीती खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, घरातल्या विश्वासू माणसाला कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. प्रयत्न होऊन गेला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना लांबवू नका. २०१७ चा कायदा अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली असलेला मानतो आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतो.