पिळा, पण दमानं!

मार्चमध्ये निफाडला मामाकडे गेले होते. अवकाळी पावसानं द्राक्षमणी तडकले, व्यापाऱ्यानं माल नाकारला. मामा गप्प. मामेभावानं मात्र हाताचा स्क्रू-प्रेस बाहेर काढला. लाकडी पट्ट्यांची गोल टोपली, मधोमध आट्यांचा दांडा, वर फिरवायची मूठ. बस्स, विजेचं कामच नाही!

तुम्हालाही करायचंय? कुजके मणी आणि देठ काढा, उरलेले मणी धुवून हातानं चुरडा, कापडी पिशवीत भरून टोपलीत ठेवा. मूठ थोडी फिरवा, थांबा, रस गळू द्या, मग पुन्हा फिरवा. घाईत जोर लावलात, तर सालांचा तुरटपणा रसात उतरतो. (माझी पहिली खेप तशीच गेली!) रस लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. बाहेर बंद बाटलीत तो आंबला, तर वायूनं बाटली फुटू शकते.

वाइनलाही हाच प्रेस लागतो. पांढरीसाठी आधी पिळतात, मग आंबवतात. लालसाठी सालासकट आंबवून नंतर पिळतात. पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं गुन्हा आहे, तेव्हा तो नाद नको.

आम्ही ज्यूसच केला. मामाचं नुकसान काही भरून निघालं नाही. पण ग्लास रिकामा करून तो दिवसभरात पहिल्यांदा बोलला, "गोड झालाय गं."