मुंबईला पाहुण्यांकडे जाताय? अर्धा दिवस जास्तीचा धरा

आपल्या भागातला माणूस मुंबईला जातो तो कामापुरताच. दवाखाना, पोराची परीक्षा, नाहीतर अंधेरी-बोरिवलीच्या पाहुण्यांकडचं कार्य. काम उरकलं की रात्रीची गाडी धरायची. नाटक, म्युझियम म्हणजे शिकलेल्यांचं, आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं म्हणून विषय संपतो. पण हा समज खरा नाही.

नाटक सांगलीतून आलं

विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते १८४३ साली, सांगलीत. त्याच आठवणीत ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात. म्हणजे नाटक काही मुंबईची मक्तेदारी नाही.

उपनगरात मराठी नाटकांची तीन ठिकाणं लक्षात ठेवा. विले पार्ले पूर्वेला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, अंधेरीहून एकच स्टेशन. बोरिवली पश्चिमेला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. मुलुंड पश्चिमेला महाकवी कालिदास नाट्यमंदिर. घाटकोपरहून त्याच लाइनीवर.

तिकीट मोबाइलवर निघतं, खिडकीवरही मिळतं. पुढच्या रांगा महाग, बाल्कनी स्वस्त. पहिल्यांदा जाताय तर बाल्कनी घ्या. शक्यतो दुपारचा प्रयोग बघा, कारण रात्रीचा सुटायला उशीर होतो आणि मग लोकलची धावपळ. तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो, त्याआधी जागेवर बसायचं. मोबाइल बंद ठेवायचा, शूटिंग करायचं नाही. सिनेमात पडद्यावरच्या माणसाला आपण दिसत नाही. इथं समोर जिवंत माणूस काम करतोय, त्याला आपला उजेडही दिसतो आणि बोलणंही ऐकू जातं.

म्युझियममध्ये काय बघायचं?

मुलुंड-घाटकोपरहून धीम्या लोकलने भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासून लोकांसाठी खुलं. बुधवारी बंद असतं. तिथं जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या धंद्यांच्या आणि पोशाखांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. सगळं बघायची घाई नको. आवडतील त्या दहा वस्तूंपुढं थांबा, खालची पाटी वाचा. म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. पाटीवर नसलेलं तेच सांगतील.

कान्हेरी : दगडातलं पाणी

बोरिवली पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर बौद्ध लेणी आहेत. गेटपासून लेणी साधारण सहा किलोमीटर आत, सोमवारी उद्यान बंद. तीन नंबरच्या लेण्यातले खांब आणि स्तूप बघाच. पण शेतकऱ्यानं खरं बघायचं ते पाण्याचं काम. डोंगरावरचं पावसाचं पाणी दगडात कोरलेल्या पन्हाळींतून टाक्यांत उतरवलंय. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलंय, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. शेततळं खोदलेल्या माणसाला त्यातली मेहनत पुस्तक न वाचताही कळते.

कला कळायला डिग्री लागत नाही, थांबून बघावं लागतं. पीक बघून त्याचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला बघायला कुणी शिकवायला नको. आपल्या पोरांना मुंबई म्हणजे नुसता दवाखाना आणि गर्दी एवढंच आठवू नये, असं वाटत असेल तर पुढच्या खेपेला परतीचं तिकीट अर्ध्या दिवसानं पुढचं काढा.