चाळिशी आणि काळी एक

पेटी हे सोपे वाद्य आहे, असे ती कधीही न वाजवणाऱ्यांचे ठाम मत असते. हे मत अगदीच निराधार आहे असेही नाही. व्हायोलिनवर स्वर बोटाने शोधावा लागतो, बासरीत तो फुंकरीने जमवावा लागतो. पेटीत तो आयता बसलेला. भाता हलवा, पट्टी दाबा, स्वर हजर! पियानोचेही तेच. त्याच्यावरून मांजर चालत गेले तरी एकही स्वर बेसूर निघायचा नाही. मग चाळिशी ओलांडलेल्या आणि दोन पदव्या पदरी असलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

आमच्या गारखेड्यात संध्याकाळी सहानंतर एक चक्कर मारावी. विभागीय क्रीडा संकुलात धावणाऱ्यांची गर्दी असते, आणि आजूबाजूच्या वसाहतींतून कुकरच्या शिट्ट्यांत मिसळून 'सारेग, रेगम' ऐकू येत असते. अशाच एका वर्गात मी दीड वर्ष पेटी शिकतो आहे. शिकवणारे गृहस्थ तिशीच्या आतले. ते मला वयाच्या मानाने 'सर' म्हणतात, मी त्यांना विद्येच्या मानाने 'सर' म्हणतो. "सर, अंगठा खालून घ्या." "हो सर." असा आमचा पाठ चालतो. बाकीचे विद्यार्थी आठ ते तेरा वर्षांचे. त्यांच्या आया जिन्यात, चपलांच्या शेजारी बसून तास सुटण्याची वाट पाहतात. त्या जिन्याकडे मी पुढे येणारच आहे.

पेटी मूळची आपली नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या दब्याँ नावाच्या कारागिराने हार्मोनियम घडवले, ते पायाने भाता मारण्याचे आणि खुर्चीवर बसून वाजवण्याचे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ते मांडी घालून वाजवण्याजोगे केले. डावा हात भात्याला, उजवा पट्ट्यांना. पियानो शिकणारे प्रौढ दोन हातांना दोन कामे सांगताना मेटाकुटीला येतात. आपण त्यातून सुटलो. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले. ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. पण नाटकवाल्यांनी आणि भजनी मंडळांनी तिला कधी अंतर दिले नाही. आमच्या शेजारच्या जालना भागातले अप्पा जळगावकर (१९२२-२००९) भीमसेन जोशींच्या गाण्यामागून अशी पेटी वाजवत, की ही मींड न निघणारी पेटी आहे याचा ऐकणाराला विसर पडावा.

पहिल्या दिवशी आमच्या सरांनी मला एक गंमत दाखवली. वाचकहो, घरात पेटी, पियानो किंवा मुलांचा कीबोर्ड असेल तर आत्ताच करून पाहा. काळी तीन हा 'सा' धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या ओळीने वाजवत वर जा. सा रे ग प ध, पुन्हा सा. झाला भूप! मध्यम आणि निषाद वर्ज्य असलेला तो सगळा राग त्या पाच काळ्या पट्ट्यांत जणू घर करून बसला आहे. त्या रात्री मी घरात जो रुबाब केला, त्याची आठवण आमच्या मंडळी अजून अधूनमधून काढतात.

पुढे आली 'काळी एक'. पांढरी एकपासून बिलावल वाजवायचा तर सातही पट्ट्या पांढऱ्या, सरळ रस्ता. 'सा' एक पायरी वर सरकवून काळी एकवर नेला, की त्याच बिलावलात पाच काळ्या आणि दोन पांढऱ्या होतात. गळ्याला हा फरक कळतही नाही. बोटांना मात्र नवी लिपी शिकावी लागते, आणि तीही चाळिशी नाकावर चढवल्यावर!

बोटांबद्दल आणखी एक प्रयोग. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट आत दुमडा, आणि आता अनामिका उचला. उचलत नाही ना? बोटे उचलणाऱ्या स्नायुबंधांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून शेजाऱ्याला बांधले की अनामिका अडते. निसर्गाचीच ही अडचण लहान मुलालाही असते, मोठ्यालाही.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते कानात. दहा वर्षांचा मुलगा अडखळतो, हसतो, पुढे जातो. चांगले वाजवणे कसे असते हे त्याच्या कानाला अजून पुरते ठाऊक नसते. चाळीस वर्षे नाट्यगीते आणि मैफली ऐकून तयार झालेला कान मात्र स्वतःच्या बोटांचा दर क्षणी पाणउतारा करतो. कान पदवीधर, बोटे बालवर्गात! वाद्य सोडून देणारे प्रौढ बोटांमुळे सोडत नाहीत, या कानामुळे सोडतात.

हे सोसून शिकणाऱ्या एका मोठ्या माणसाचे स्मरण आमच्या गावाला तरी हवे. १९५० साली ज्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ग्रंथ, संसद, संस्था आणि खालावत चाललेली प्रकृती यांतून वेळ काढून, आणि तेही स्वर आयता न देणारे वाद्य! त्यांचे व्हायोलिन पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते. त्यांच्या नावाभोवती इतके ग्रंथ उभे आहेत, की हे व्हायोलिन त्यांच्या आड राहून जाते. कोणाला ऐकवून दाखवायचे नाही, परीक्षा द्यायची नाही, तरी शिकायचे. त्या वयातल्या शिकण्याला याहून वेगळे कारण मला तरी दिसत नाही.

पण असे कारण घरात सांगण्याची सोय सगळ्यांना असते का? आता त्या जिन्याकडे येतो. तिथे बसणाऱ्या एक बाई तीन वर्षे मुलाला घेऊन येत होत्या. एकदा सर आतून विचारत होते, "हा अलंकार पुढे कसा जातो?" मुले गप्प. जिन्यातून हलक्या आवाजात सबंध अलंकार आला, उतरतानाचा सुद्धा. सरांनी बाहेर येऊन पाहिले, तर बाईंनी मान खाली घातलेली.

"ताई, तुम्ही वाजवता?"

"नाही हो सर. ओट्यावर बोटे फिरवते नुसती."

मुलाची पेटी घरात होती, पण ती मुलाची. तो शाळेत असताना धुणे-भांडी, तो घरी असताना त्याचा अभ्यास, तो झोपल्यावर भिंतीपलीकडे शेजारी. पुढे मुलगा म्हणू लागला, मला क्रिकेटला जायचे आहे. घरात कोणाची हरकत नव्हती. बाईंना मात्र एकच प्रश्न पडला होता, तो त्यांनी मला जिन्यात विचारला, "याने सोडले, तर मी कोणाच्या निमित्ताने यायचे?"

मध्यमवर्गीय घरात मुलांच्या शिकण्याचा खर्च हिशेबात धरलेला असतो. आईच्या शिकण्याला हौस म्हणतात. (वडिलांच्याही, पण वडिलांची हौस कोणाला न विचारता होते; माझीही तशीच झाली.) सरांनी त्या दिवशी फार शहाणपणा केला. उपदेश केला नाही, रजिस्टर उघडून मुलाच्या नावाखाली त्यांचे नाव लिहिले आणि म्हणाले, "ताई, मंगळवारपासून आत बसा."

आता त्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करत आहेत. त्यांच्याबरोबर बसणाऱ्या मुली त्यांच्या मुलापेक्षाही लहान आहेत. अंगठा अजून मध्येच अडतो, भाता कधी घाईने रिकामा होतो, पण काळी एकवरचा भूप स्वच्छ निघतो. क्रीडा संकुलातले क्रिकेट सात वाजता संपते. मग मुलगा बॅट घेऊन येतो आणि तास सुटेपर्यंत जिन्यात, चपलांच्या शेजारी बसून राहतो.