मुरमाचा मुरूम जातो कुठे?

पावसाळ्याच्या तोंडावर शेतावरच्या अनेक वस्त्यांवर ट्रॅक्टरची ट्रॉली येते. गोठ्यापुढच्या अंगणात मुरूम ओतला जातो आणि फावड्याने पसरला जातो. श्रावण संपेपर्यंत त्यातला बराचसा चिखलात गडप होतो. जनावरे राड्यात उभी राहतात. सतत भिजलेले खूर मऊ पडतात, त्यांना जखमा होतात आणि ऐन कामाच्या दिवसांत बैल लंगडतो. पुढच्या वर्षी पुन्हा ट्रॉली, पुन्हा खर्च. मग हा मुरूम जातो तरी कुठे?

आधी वर्गात एक प्रयोग करू या. एक लिटरची बरणी सारख्या आकाराच्या खडीने काठोकाठ भरा आणि मोजपात्राने तीत पाणी ओता. जवळजवळ ४०० मिलिलिटर पाणी सहज मावते. म्हणजे भरलेल्या दिसणाऱ्या बरणीत पाचांतले दोन भाग पोकळीच होती! आता दुसरी बरणी भरताना खडीबरोबर थोडी बारीक खडी आणि वाळू घाला व बरणी हलवत राहा. या वेळी पाणी बरेच कमी मावेल. मोठ्या दगडांमधल्या पोकळीत लहान दगड आणि त्यांच्यामधल्या पोकळीत वाळू बसली. प्रत्येक कण शेजाऱ्यांनी अडवून धरला. टिकाऊ अंगणाचे हेच रहस्य आहे. नुसती एकसारखी खडी पायाखाली सरकते. लहानमोठ्या कणांचे मिश्रण मात्र घट्ट बसते.

मुरमात हे मिश्रण निसर्गानेच केलेले असते. दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडक झिजून तो तयार होतो. त्यातल्या थोड्याशा चिकण मातीमुळे कण एकमेकांना धरून राहतात. ही माती फार झाली तर पावसात घसरडे होते, अगदी कमी असली तर उन्हाळ्यात मुरूम सुटा होऊन उडतो. विकत घेण्यापूर्वी मूठभर मुरूम पाण्याच्या बाटलीत घालून जोराने हलवावा व रात्रभर ठेवावा. खाली खडे, मग वाळू आणि वर चिकण माती असे थर बसतात. त्यावरून माल कसा आहे याचा अंदाज येतो.

पण वरचा थर कितीही चांगला असला तरी भार पेलते ती खालची जमीन. स्कॉटलंडचे रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) यांनी आपली पद्धत याच तत्त्वावर उभारली. मूळ जमीन कोरडी राहिली तर ती भार पेलते. दगडांच्या थराचे मुख्य काम तिच्यावर पाणी जाऊ न देणे हे आहे. आपल्या काळ्या जमिनीत तर हे फारच महत्त्वाचे. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे चिकण खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसून भेगा पडतात. भिजलेल्या काळ्या मातीवर दगड टाकले की वरच्या वजनाने दगड खाली दबतात आणि चिखल फटींतून वर येतो. आपला हरवलेला मुरूम तिथेच, खाली, असतो! म्हणून नवे अंगण करताना वरची भुसभुशीत माती काढून टाकावी. मग वाळूचा किंवा क्रशरच्या कचेचा थर द्यावा, त्यावर दगडांचे सोलिंग आणि सर्वांत वर मुरूम घालावा. कचेचा थर चिखलाला वर येऊ देत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. घराकडून बाहेर दर मीटरला ३ ते ४ सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे ५ मीटरच्या अंगणात १५ ते २० सेंटिमीटर. उतार कमी असेल तर पाणी साचते, फार असेल तर ते बारीक कण वाहून नेते. उतार संपतो तिथे चर खणलेला हवा आणि चराचे तोंड मोकळे हवे. पागोळ्यांचे पाणी एकाच रेषेत पडून जमीन उकरते, म्हणून तिथे मोठी खडी पसरावी.

आता खड्ड्यांकडे वळू. खड्ड्यात पाणी साचते. चाक गेले की ते पाणी जोराने उसळते आणि बारीक माती बाहेर फेकली जाते. उरलेले दगड सुटतात आणि खड्डा मोठा होतो. त्यात वरून मुरूम ओतणे म्हणजे चिखलात भर घालणे. आधी पाणी उपसावे, चिखल काढावा, कडा उभ्या कापाव्यात आणि तळ खरवडावा. मग ७–८ सेंटिमीटरच्या थरांनी मुरूम भरून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा.

ठोकताना ओल किती असावी? शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. त्याच्याकडे ‘वापसा’ हा शब्द आहे. पेरणीप्रमाणे इथेही ओल बेताचीच लागते. कोरडे कण एकमेकांवर घासतात आणि जवळ येत नाहीत. पाणी जास्त झाले तर ते पोकळ्या अडवून बसते. दोन्हींच्या मध्ये एक योग्य ओल असते, हे अमेरिकन अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडले. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हातातून पाणी निथळू नये, ही घरगुती खूण पुरेशी आहे.

वर्षाची कामे मोजकीच आहेत. मृगापूर्वी चर साफ करावेत. पावसाळ्यात शेण साचू देऊ नये. ते पाणी धरून ठेवते आणि त्याची खरी जागा उकिरड्यावर आहे. पाऊस सरला की जमिनीत ओल असतानाच चाकोऱ्या खरवडून बुजवाव्यात, उतार पुन्हा करावा आणि रूळ फिरवावा. एवढे केले तर मुरूम थोडाच लागतो.

शाळेचे मैदानही बहुधा मुरमाचेच असते. पहिल्या मोठ्या पावसानंतर विद्यार्थ्यांना मैदानाचा नकाशा काढून त्यावर डबकी दाखवायला सांगा. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून उंचसखलपणा मोजा. पाणी कुठे अडते हे मुलांनी एकदा स्वतः शोधले, की चर कुठून काढायचा हेही तीच सांगतील.