‘म्हातारचळ’ म्हटल्यावर संपणारे प्रश्न

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मागे घर सांभाळायला म्हातारी माणसे, शाळेतली नातवंडे आणि एखादी शेळी. पुढचे पाच-सहा महिने गावात मधली पिढी जवळजवळ नसते. ऊसतोडीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या विस्मरणावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

या विषयाकडे मी घरातूनच वळलो. माझी चुलती बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवर नातवाला घेऊन राहत असे. एका वर्षी घरचे तोडीवरून परतले, तेव्हा तिने सुनेला ओळखले, पण बसल्या जागी विचारू लागली, “आपल्या घरी कधी जायचं गं?” भाऊबंद म्हणाले, म्हातारचळ लागला. हा शब्द एकदा उच्चारला की पुढचे सगळे प्रश्न संपतात. आम्हीही दोन वर्षे कोणाला काही विचारले नाही.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण यमकात पक्की असली तरी वस्तुस्थितीला धरून नाही. भारतातल्या साठीपुढच्या लोकांचा ‘लासी-डॅड’ हा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयातल्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. याचाच दुसरा अर्थ असा, की साठी ओलांडलेल्या शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जणांची बुद्धी जागेवर असते. ज्याची नसते, त्याला वय नव्हे, आजार झालेला असतो.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही येतो. तिथे तो क्रोधातून येणाऱ्या विवेकनाशासंबंधी आहे. वैद्यकातला अर्थ वेगळा. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलॉइस अल्झायमर या डॉक्टरने एका पन्नाशीतल्या बाईला तपासले. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात साचलेले थर व पेशींतल्या गाठी जगापुढे मांडल्या. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याने होतो. त्यामागे बहुधा रक्तदाब आणि मधुमेह असतात.

मग ओळखायचे कसे? चष्मा कुठे ठेवला ते विसरणे हा आजार नव्हे. पन्नास वर्षे भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ मळल्यावर पुढे काय करायचे ते सुचेनासे होणे, नेहमीच्या शिवारात वाट चुकणे, बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, उगाच चोरीचा संशय घेणे ही लक्षणे आहेत. प्रचलित चाचण्यांत वाचणे, लिहिणे, शंभरातून सात-सात वजा करणे असते. शाळेची पायरी न चढलेली शहाणी बाई त्यात नापास होणारच. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड इथे निरक्षरांना लागू पडेल अशी चाचणी संशोधकांनी तयार केली.

आपल्या जिल्ह्यात तर निरीक्षणाच्या दोन वेळा आपोआप ठरलेल्या आहेत: कोयता निघतो ती आणि परततो ती. दोन्ही वेळी तेच साधे प्रश्न विचारावेत. आठवड्याचा बाजार कोणत्या वारी? यंदा कोणत्या रानात काय पेरले? काल घरी कोण आले होते? गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या? उत्तरांत फरक पडला, तर डॉक्टर गाठावा. ही परीक्षा निदानासाठी नाही, संशय वेळेवर येण्यासाठी आहे.

बदल किती दिवसांत झाला, हे डॉक्टरला सांगणे सर्वांत महत्त्वाचे. दोन दिवसांत माणूस बरळू लागला, तर लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी वा सोडियम कमी होणे, यांपैकी काही असू शकते; त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. काही आठवड्यांत झाला, तर उदासीनता असू शकते, किंवा अंगणात पडून डोक्याला लागल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त. वर्षानुवर्षे वाढत गेला, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता मोठी. तरीही बी-१२, थायरॉइड, साखर आणि गरजेप्रमाणे मेंदूचा सीटी स्कॅन एवढे पाहायलाच हवे, कारण यातली काही कारणे दुरुस्त होतात. आणि तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे हे घडले, तर तो पक्षाघात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या एका टोकाला, तर आष्टी दुसऱ्या. आपल्याला जवळचे सीटी स्कॅन कुठे आहे, हे आधीच माहीत करून ठेवावे.

अल्झायमर मुळातून बरा करणारे औषध नाही. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. खरा उपचार घरात असतो. दिनक्रम एकच ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. “घरी जायचंय” म्हणणाऱ्याशी वाद न घालता “चहा घेऊ, मग जाऊ” म्हणावे. संध्याकाळी घालमेल वाढते, म्हणून दिवा लवकर लावावा. खिशात किंवा पदराला फोन नंबराची चिठ्ठी असावी. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली; ती सारी दूर झाली, तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, धूम्रपान, एकटेपणा आणि उपचार न झालेले अंधत्व आहे. म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि रक्तदाबाची रोजची गोळी हीसुद्धा स्मृतीची राखण आहे.

सांभाळणाऱ्याचा विचार कोणी करायचा? सून तोडीवर गेली, तर हे काम दहा-बारा वर्षांच्या नातीवर येते आणि तिची शाळा सुटते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ या मोफत हेल्पलाइन आहेत. आशाताईंनी हे नंबर घरोघरी भिंतीवर लिहिले तरी पुष्कळ झाले.

चुलतीला आम्ही शेवटी तपासले, तेव्हा तिचे बी-१२ फार कमी निघाले. इंजेक्शनांनी ती थोडी सावरली, नातवाला नावाने हाक मारू लागली. सगळे परत आले नाही. मधल्या दोन वर्षांत त्यातले किती वाचले असते, हे कोणताही डॉक्टर आता सांगू शकत नाही. ही दिवाळी होईपर्यंत गाड्या निघालेल्या असतील. ज्यांच्या निघायच्या राहिल्या असतील, त्यांनी उंबऱ्याबाहेर पडण्यापूर्वी म्हातारीजवळ घटकाभर बसावे आणि बाजाराचा वार विचारावा.