मोबाईल ॲपला लागणाऱ्या दोन चाव्या

आजच्या काळात मोबाईल ही चैनीची वस्तू राहिलेली नसून ती नित्याची गरज झालेली आहे. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, भाजीवाल्याचे पैसे ही सर्व कामे वीतभर काचेवर उरकली जातात. ही कामे करणाऱ्या निरनिराळ्या प्रणालींना आपण ‘ॲप’ म्हणतो. ॲप वापरणारे तर घरोघरी आहेत. आता आपल्या वस्तीतील मुले-मुलीही ॲप तयार करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि एकदा ॲप तयार केले की ते फोनमध्ये वाटेल ते करू शकते आणि आपोआप लोकांपर्यंत पोहोचते, असा जो सर्वसाधारण समज आहे तो बरोबर नाही.

बँकेतील लॉकर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा विषय चटकन समजेल. लॉकर उघडण्यास दोन चाव्या लागतात. एक बँकेकडे असते, दुसरी ग्राहकाकडे. एकट्या बँकेला लॉकर उघडता येत नाही आणि एकट्या ग्राहकालाही येत नाही. मोबाईल ॲपचेही तसेच आहे. आपले संदेश, फोटो, नातेवाइकांचे क्रमांक, आपण कोठे आहोत ही माहिती ॲपला हवी असेल तर एक परवानगी फोनच्या मालकाने द्यावी लागते. दुसरी परवानगी फोनची प्रणाली बनविणाऱ्या आणि ॲपचे दुकान चालविणाऱ्या कंपनीची असते. ॲन्ड्रॉइड फोनसाठी ही कंपनी गुगल, आयफोनसाठी ॲपल. पहिली परवानगी आपल्याला दिसते. दुसरी दिसत नाही, पण ॲप तयार करणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

प्रथम पहिल्या चावीविषयी. ॲन्ड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र ओळख क्रमांक देऊन जणू वेगळ्या खोलीत ठेवलेले असते. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. खोलीबाहेरची वस्तू हवी असल्यास ती मागावी लागते, आणि काय काय मागणार याची यादी ॲप तयार करणाऱ्याने ॲपमध्ये आधीच लिहून ठेवावी लागते. यादीत नाही ते नंतर मागता येत नाही. गंमत अशी की इंटरनेट वापरण्याची परवानगी मालकाला विचारलीच जात नाही, ती किरकोळ समजून देऊन टाकली जाते. विचारले जाते ते कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्क यादी, संदेश, ठिकाण अशा नाजूक गोष्टींबाबत.

२०१५ सालापर्यंत ही विचारणा ॲप घेतानाच एकदम होत असे. लांबलचक यादी समोर येई आणि एकतर सर्व मान्य करा किंवा ॲप सोडून द्या, एवढेच दोन मार्ग असत. त्या वर्षी आलेल्या ॲन्ड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, ज्या वेळी गरज पडेल त्या वेळी आणि एकेक परवानगी विचारण्याची पद्धत सुरू झाली. पुढे २०१९ मध्ये ‘ॲप वापरत असतानाच ठिकाण कळू द्या’ आणि २०२० मध्ये ‘फक्त या वेळेपुरते’ असे पर्याय आले. फार दिवस न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोयही झाली. आयफोनमध्ये परवानगी मागताना ती कशासाठी हवी हे मालकाला दिसेल अशा शब्दांत लिहावेच लागते. हे सर्व योग्यच आहे, परंतु पुरेसे नाही. ते का, हे मला बँकेच्या काउंटरवर कळले.

२०२१ साली एक तरुण आपले खाते बंद करण्यास आला. त्याने एका ॲपवरून पाच हजार रुपये कर्ज घेतले होते. कर्ज मंजूर होण्यापूर्वी ॲपने संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितली व त्याने ती दिली. हप्ता चार दिवस थकला तेव्हा त्याची आई, सासरे आणि तो कामाला होता त्या दुकानाचे मालक यांना अर्वाच्य संदेश गेले, सोबत त्याचा विद्रूप केलेला फोटो. “साहेब, परवानगी मीच दिली होती,” असे तो खाली मान घालून म्हणाला. गरजवंताला अक्कल नसते अशी म्हण आहे. मला ती अन्यायाची वाटते. अक्कल असते, पर्याय नसतो. औषधाला पैसे हवे असलेला माणूस ‘अनुमती द्या’ या बटणावर बोट ठेवतो, तेव्हा ती संमती म्हणायची का?

असे प्रकार देशभर घडत होते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला भारतीय ॲन्ड्रॉइडधारकांसाठी उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्ज ॲप आढळली आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदेशीर होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्ज ॲपने फोनमधील फाइली, संपर्क यादी, कॉलची नोंद यांना हात लावू नये. कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण यांचा वापर केवायसीपुरता, एकदाच आणि कर्जदाराच्या स्पष्ट संमतीने करावा, असे त्यांत सांगितले. त्यानंतर गुगलनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क यादी व फोटो पाहण्यास मनाई केली. म्हणजे कर्जदाराने स्वखुशीने परवानगी दिली तरी ॲपला ती मागताच येणार नाही. ग्राहकाने आपली चावी फिरवली तरी दुसरी चावी फिरणार नाही. दुसऱ्या चावीचे महत्त्व हे असे आहे. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गुगलने अडीच हजारांहून अधिक आणि सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात बावीसशेहून अधिक कर्ज ॲप आपल्या दुकानातून काढली.

आता याच कुलपाची दुसरी बाजू. माझा भाचा बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, एका महिला बचत गटाची कोषाध्यक्ष आहे. सभासद गटाच्या बँक खात्यात महिन्याची वर्गणी भरतात, बहिणीच्या फोनवर जमा झाल्याचा एसएमएस येतो, आणि ती रात्री चष्मा लावून एकेक नाव वहीत उतरवते. भाच्याने असे ॲप तयार केले की जे एसएमएस वाचून वर्गणी त्या त्या नावापुढे आपोआप मांडेल. स्वतःच्या फोनवर ते उत्तम चालले. मीसुद्धा हिशेब ताडून पाहिला, एक पैसा इकडचा तिकडे नव्हता. मात्र प्ले स्टोअरचे नियम वाचल्यावर त्याचा चेहरा उतरला.

झाले आहे असे की, ऑक्टोबर २०१८ मध्ये गुगलने एसएमएस आणि कॉलची नोंद या दोन परवानग्यांवर कडक निर्बंध घातले व २०१९ च्या आरंभापासून ते अमलात आणले. फोनवरील मुख्य संदेश ॲप किंवा मुख्य कॉल ॲप म्हणून मालकाने ज्याची निवड केली असेल त्यालाच या परवानग्या साधारणपणे मिळतात. त्या वेळी अनेक लहान ॲपना वर्षानुवर्षे चालत आलेल्या सोयी काढून टाकाव्या लागल्या. काही अपवाद आहेत आणि पैशाच्या हिशेबाची ॲप त्यांत बसू शकतात. परंतु त्यासाठी वेगळे घोषणापत्र भरायचे, ही परवानगी ॲपच्या मूळ कामाला अत्यावश्यक कशी हे पटवायचे आणि निर्णयाची वाट पाहायची. आयफोनवर तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे बाहेरच्या ॲपला संदेशपेटी वाचताच येत नाही. या निर्बंधाचे कारण मी बँकेत रोज पाहतो. ओटीपी एसएमएसनेच येतो, आणि जे ॲप एसएमएस वाचू शकते ते ओटीपीही वाचू शकते.

भाच्याने अपवादाच्या मागे न लागता ती परवानगीच यादीतून काढून टाकली. आता बहीण तो संदेश निवडून ‘शेअर’ करते आणि ॲप तेवढाच मजकूर घेते. काम होते, पण प्रत्येक संदेशामागे दोन-तीन वेळा बोट लावावे लागते. “एवढ्यासाठी वहीच बरी होती की रे,” असे ती म्हणाली. ज्यांना ॲप तयार करायचे आहे त्या विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे की पुष्कळदा परवानगी न मागताही काम साधता येते. ओटीपीसाठीसुद्धा तशी सोय आहे. ज्या ॲपसाठी तो संदेश आहे त्याची खूण संदेशात घातली की तेवढाच एक संदेश प्रणाली त्या ॲपला आणून देते, बाकीची पेटी बंदच राहते. सर्व चाव्या मागून घेण्यापेक्षा असे मार्ग आधी शोधणे केव्हाही शहाणपणाचे.

परवानग्यांखेरीज दुकानात प्रवेश मिळविण्याच्या अटी वेगळ्या. नोंदणीसाठी गुगल एकदाच २५ डॉलर घेते, ॲपल दरवर्षी ९९ डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक गुगल खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुले करायचे तर ते आधी काही लोकांकडून सलग १४ दिवस तपासून घ्यावे लागते. ही संख्या प्रथम २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ करण्यात आली. शिवाय ॲन्ड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे ॲप वेळोवेळी सुधारावे लागते, नाहीतर नव्या फोनधारकांना ते दुकानात दिसेनासे होते. एकदा करून विसरून जाण्याचे हे काम नव्हे.

दुकानाशिवाय ॲप देता येत नाही का? ॲन्ड्रॉइडवर थेट फाइल पाठवून ॲप बसविता येते. परंतु वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली अशीच फाइल उघडून खाते रिकामे झाल्याच्या तक्रारी इतक्या येतात की, हा मार्ग मी तरी कोणास सुचविणार नाही. आयफोनवर भारतात सर्वसामान्यांसाठी ॲपलचेच दुकान आहे. युरोपीय संघाने कायदा केल्यावर मार्च २०२४ पासून तेथे इतर दुकानांना वाट मिळाली.

तेव्हा दुसरी चावी हवी हे मान्य केले तरी ती कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच. बँकेवर रिझर्व्ह बँक असते, ग्राहकाला लोकपालाकडे जाता येते. ॲपचे दुकान मात्र खाजगी कंपनीचे, नियम तिचे आणि निवाडाही प्रथम तिचाच. शिवाय त्या दुकानात कंपनीचा स्वतःचा आर्थिक हितसंबंधही आहे. ॲपमधून डिजिटल सेवा विकल्यास दोन्ही कंपन्या दीर्घकाळ ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेत. २०२१ मध्ये लहान उद्योजकांसाठी ते १५ टक्क्यांवर आणले गेले. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला दोन प्रकरणांत अनुक्रमे १,३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. त्यांपैकी दुसरे प्रकरण प्ले स्टोअरमधील पैसे भरण्याच्या सक्तीचे होते. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड २१६.६९ कोटींवर आणला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादावरून विवाह जुळविणाऱ्या आणि नोकरी शोधून देणाऱ्या काही नामांकित भारतीय कंपन्यांची ॲप दुकानातून काढण्यात आली. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ती काही दिवसांत परत आली. त्या कंपन्यांसाठी मंत्री बोलले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे ॲप नाकारले गेले तर त्याला फक्त एक अर्ज ऑनलाइन करता येतो.

फोनधारकांनी करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांचा भाग उघडला की संपर्क यादी, ठिकाण, मायक्रोफोन कोणकोणत्या ॲपला दिले आहेत ते दिसते. मी पाहिले तेव्हा टॉर्चच्या एका जुन्या ॲपकडे माझी सर्व संपर्क यादी निघाली. टॉर्चला माझ्या मेहुण्याचा क्रमांक कशासाठी हवा होता हे मला अद्याप समजलेले नाही. ते ॲप त्याच क्षणी काढून टाकले.

भाच्याला तपासणीसाठी १२ माणसे जमविताना बरीच धावाधाव करावी लागली. अकरा जण बचत गटातून आणि अभ्यासिकेतल्या मुलांतून मिळाले, बारावा मी झालो. “मामा, मध्येच काढून टाकू नका हं, नाहीतर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतील,” अशी त्याची रोज ताकीद असते. हा लेख लिहून देताना नववा दिवस चालू आहे.