‘रन’ म्हणजे फक्त धावणं? मग नाक कसं ‘रन’ होतं?

‘माय नोज इज रनिंग’ हे वाक्य शाळेत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचा अख्खा वर्ग हसला होता. नाक धावतंय? कुठे? चूक आमची नव्हती. आम्हाला ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ करायला लावलं होतं.

प्रत्यक्षात या तीन अक्षरी शब्दाने ऑक्सफर्डच्या कोशकारांनाही घाम फोडला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी फक्त ‘रन’वर नऊ महिन्यांहून जास्त काम केलं. 2011 मध्ये आकडा समोर आला: 645 अर्थ. तेही फक्त क्रियापदाचे! त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’चे 430 अर्थ दिले होते.

घाबरू नका, 645 अर्थ पाठ करायचे नाहीयेत. ‘रन’ दिसला की आधी ‘धावणे’ऐवजी ‘चालणे’ लावून बघा. निम्मं काम तिथेच होतं. इंग्रजांची मशीन धावते, आपली चालते. त्यांचं दुकान धावतं, आपलं चालतं. ‘शी रन्स अ मेस’ म्हणजे ती खानावळ चालवते. ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’ म्हणजे नाटक दोन वर्षं चाललं. प्रोग्रॅम, स्कीम, घरखर्च, सगळीकडे हेच. आणि आपण तरी कुठे मागे आहोत? पंख्याला पाय नाहीत, तरी तो चालतो. ‘पाच वाजता भेटूया?’ या प्रश्नाला आपण ‘चालेल’ म्हणतो, तेव्हा नक्की कोण चालत असतं?

इंग्रजीत या अर्थांची गर्दी वाढली ती यंत्रयुगात. वाफेची इंजिनं आली, रेल्वे आली, कारखाने आले, मग कॉम्प्युटर आले. या सगळ्यांना ‘रन’च चिकटत गेला.

दुसरा गट पातळ गोष्टींचा. इथे ‘वाहणे’ लावा: नदी वाहते, नाक वाहतं. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे नळाचं वाहतं पाणी. मात्र कपड्याच्या लेबलवर ‘कलर्स मे रन’ लिहिलं असेल तर रंग जाईल, पांढरा शर्ट वेगळा भिजवा.

मला सगळ्यात आवडतो तो निवडणुकीतला ‘रन’. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. (निवडून आल्यावर काय करतो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

खरी गंमत आणि खरा धोका ‘रन’च्या मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांत आहे. ‘आय रॅन इंटू माय टीचर’ म्हणजे सरांची अचानक गाठ पडली. पण ‘आय रॅन इंटू अ पोल’ म्हणजे खांबावर आपटलो. ‘आय रॅन ओव्हर माय नोट्स’ म्हणजे नोट्सवरून नजर फिरवली. नोट्सच्या जागी कुत्रा आला तर तो अपघात! क्रिकेटमध्ये ‘रन आउट’ म्हणजे धावबाद, पण स्वयंपाकघरात ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलं.

आता पैशांचं उदाहरण, कारण इथे चूक महागात पडते. ‘द बँक इज रनिंग’ म्हणजे बँक चालू आहे. ‘देअर इज अ रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवी काढायला लोकांची झुंबड उडाली आहे. शब्द तोच, बातमी जवळपास उलटी. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत हेच झालं. 9 मार्चच्या एका दिवसात ग्राहकांनी तब्बल 4,200 कोटी डॉलर काढण्याचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद करावी लागली.

नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका इंग्रजी बातमीचा मजकूर मी घाईत भाषांतराच्या टूलमध्ये टाकला. उत्तर आलं, ‘बँकेवर धाव’. मी तोच मथळा पुढे पाठवणार होते. शेजारी बसलेल्या सीनियर ताईंनी स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, ‘अगं, धाव कोणाची? आणि पैसे बुडतायत का लोकांचे?’ मथळ्यात मग ‘झुंबड’ हा शब्द आला, आणि ठेवींचं काय होणार हे मला पूर्ण बातमी वाचून पहिल्या ओळीत लिहावं लागलं.